साच्यावरची लाल खूण

सोमवार, ३ तारीख

ठके,

सगळ्यात आधी उगवली ती समोरची वेल्डरीणबाई. हातात रिकामी वाटी, म्हणे साखर संपली. साखर कसली संपते, तिला आपल्या फाटकापाशी थांबलेली गाडी दिसली होती. गाडीतली माणसं अजून उतरायची होती तोवर ही माझ्या स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसलीसुद्धा.

मग ती तिघं आली. पुढे ड्रॉइंग ऑफिसचे मोठे साहेब. आता रिटायर झालेत, पोट आत गेलंय आणि कान मोठे झालेत, पण आवाज तसाच, शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलल्यासारखा. त्यांच्यामागे स्टोअरकीपर, गुडघा धरून. आणि शेवटी कोण असेल सांग. ती चष्मेवाली, तुझ्या हाताखाली नवीन लागली होती आणि पहिल्याच दिवशी तुझ्या ड्रॉइंगवर चहा सांडला होता ती. आता साहेबांच्या खुर्चीवर तीच बसते. चष्मा मात्र अजून नाकावरून घसरतो आणि ती अजून तो मनगटानेच वर ढकलते.

इतकी माणसं घरात एकदम किती दिवसांनी आली. मला काही सुचेना. कप पाच निघाले आणि बशा चार, तेव्हा वेल्डरीणबाईला बशीशिवाय दिला. तिने ते बघून ठेवलंय, आता वर्षभर ऐकवेल.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हा कागद. माझं अक्षर तुला माहीत आहे, चौथीत सोडलं तिथेच थांबलंय. सावकाश वाच.

तर साहेब म्हणाले, वहिनी, तुमच्या लेकीची इंजिनं आता कुठे कुठे पोचलीत माहीत आहे का? मी म्हटलं, मला काय माहीत, मी स्टेशनवर जाते ती फक्त वजनकाट्यावर उभी राहायला. मग त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. तारेवर चालणारं एक, डिझेलवर चालणारं एक, तार संपली की डिझेलवर जाणारं एक, आणि आता चौथं येतंय, डोंगर चढणारं. सगळ्यांचा सांगाडा एकच, डोकं एकच, ड्रायव्हरची खोली एकच. फक्त पोटातले खण बदलायचे. वेल्डरीणबाईला ते कळेना, तेव्हा मीच तिला सांगितलं, तू मला सांगितलं होतंस तसं. आपलं ते जुनं कपाट. त्यात कपड्यांचा खण काढून भांड्यांचा बसवला तर कपाट स्वयंपाकघरातलं झालं. खण बिघडला तर कपाट सुताराकडे पाठवायचं नाही, तेवढा खण काढायचा आणि दुसरा सरकवायचा. महिनाभर शेडमध्ये पडून राहणारं इंजिन दुसऱ्या दिवशी गाडीला लागतं. चष्मेवाली ऐकत होती. म्हणाली, काकू, आम्हाला हे सांगायला चाळीस पानं लागतात.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. वेल्डरीणबाईकडे बघून चहा ओतला तो थेट टेबलावर.

मग चष्मेवालीने पिशवीतून एक गुंडाळी काढली. तुझं ड्रॉइंग. डाग अजून तसाच. म्हणाली, काकू, स्टोअर आवरताना हे सापडलं. मी तीन वेळा तपासलं. ह्यात एक भोकसुद्धा चुकीचं नाही. ताईचं काहीच चुकलं नव्हतं.

ठके, हे मी वेगळ्या ओळीवर लिहिते. तुझं काहीच चुकलं नव्हतं.

आणखी म्हणाली की ते डावखुरं इंजिन पुढच्या महिन्यात तोडायला जाणार. उलटी भोकं पडलेल्या त्या अकरा सांगाड्यांपैकी दहांची भोकं बुजवून परत पाडली, ते तुला माहीत आहे. हे एकच तसं ठेवलं होतं आणि त्याच्यासाठी सगळे खण उलटे बनवून घेतले होते. तोडायच्या आधी हिने ते सगळं मोजलं. आरशात दिसावं तसं आहे म्हणे, डावं ते उजवं. ड्रॉइंग चुकलं तर एखादं भोक इकडचं तिकडे होतं, सगळीच भोकं अशी वळत नाहीत. असं फक्त ज्याच्या भोकांतून सांगाड्याला भोकं पाडतात तो साचा पालथा पडला तरच होतं. म्हणून त्यांना तो साचा हवाय. वर्कशॉपमध्ये नाही. तुझ्या बाबांच्या ताब्यात असायचा, भोकं तेच पाडायचे.

मी म्हटलं, घरात तसलं काही नाही.

कप विसळताना हातातून एक फुटला. आता चार कप, चार बशा. नातबाईला पापा.

आई


बुधवार, १२ तारीख

ठके,

तुझं उत्तर नाही. यावं असंही नाही, मी आपली लिहिते. नातबाई सात वर्षांची झाली असेल. दात पडले का? तुझे पुढचे दोन एकदम पडले होते आणि तू महिनाभर हसताना तोंडावर पाटी धरायचीस.

काल मंगळवार. मंगळवारी मी पुलावर जाते. गुडघे कुरकुर करतात, पण जाते. सव्वाचारला खालून ते डावखुरं इंजिन मालगाडी घेऊन जातं. तुला हे माहीत नसेल. मलाही तुझे बाबा गेल्यावर कळलं. दर मंगळवारी ते भाजी आणायला जायचे आणि दोन तासांनी चार टोमॅटो घेऊन यायचे. मी आठ वर्षं बोलत राहिले, की टोमॅटो पिकायची वाट बघत होतात का. ते गेल्यावर पुलाखालचा केबिनमन सांत्वनाला आला. म्हणाला, काकू, काका आठ वर्षांत एक मंगळवार चुकले नाहीत. कठड्याला धरून उभे राहायचे, इंजिन आलं की टोपी काढायचे, शेवटचा डबा गेला की परत घालायचे.

तेव्हापासून मी जाते. मला टोपी नाही. मी नुसतीच उभी राहते.

तू त्या वेळी आली नाहीस. मी मनात धरलं नाही. म्हणजे धरलं होतं, पण आता नाही.

बरं, एक सांगायचं राहिलं. परवा मी त्या तिघांना म्हटलं साचा नाही, तर तसं नाही. साचा घरात आहे. कुठे आहे विचारशील तर आपल्या पाण्याच्या पिंपाखाली. तेवढा उंचवटा मिळतो आणि नळाखाली तांब्या नीट बसतो. बाबा असतानाच ठेवलेला, त्यांनीच. सोमवारपासून मला चैन पडेना, म्हणून शनिवारी वेल्डरकडून पिंप हलवून घेतलं आणि चष्मेवालीला फोन केला. ती एकटीच आली. साचा बघून खाली फरशीवरच बसली. मला विचारलं, काकू, हा घरी कसा?

मी सांगितलं की बाबाच घरी घेऊन आले होते, त्या कामाच्या आदल्या रविवारी. शेडमध्ये चुना लावणं चालू होतं, बाकं बाहेर काढलेली, आणि साच्याच्या भोकांना कडा आल्या होत्या. सोमवारी सांगाड्यांना भोकं पाडायची. तेव्हा गोणपाटात गुंडाळून सायकलवर घातला आणि अंगणात बसून कानशीने घासला. साचा घरी आणायची बंदी होती, त्यात नोकरीही गेली असती आणि क्वार्टरही. म्हणून कोणाला बोलले नाहीत.

तिने विचारलं, मग काकांच्या हातून तो पालथा पडला असेल का?

मी म्हटलं, पडला असेल. माणूस आहे. वय झालं होतं.

तिने मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं. मला वाटलं, चला, गेलेल्या माणसाचं आता कोण काय वाकडं करणार, आणि तुझ्यावरचा डाग तर निघाला. तेवढ्यासाठीच लिहिलं. आता तू तिथे त्या शाळेत मुलांना गणित शिकवतेस ते सोडून पुन्हा ड्रॉइंग करशील का? हात विसरत नाही. मी तीस वर्षांनी शिवणाचं मशीन काढलं तर सरळ टीप आली. म्हणजे थोडी वाकडी आली.

आई


मंगळवार, २५ तारीख

ठके,

तुझं पाकीट आलं. पोस्टमन दार वाजवायच्या आत मी फाटकात होते. त्याच्यावरचं अक्षर लांबून ओळखलं, तुझा तो काटकोनातला ह.

आधी नातबाईचं चित्र. मी ते कपाटाच्या दारावर लावलंय. काय इंजिन काढलंय पोरीने, पोटात सहा खण आणि प्रत्येक खणाला मूठ. एका खणात मांजर. वेल्डरीणबाई म्हणाली, मांजर कशाला? मी म्हटलं, ते उंदरांवर चालणारं इंजिन आहे, पाचवा प्रकार. दिवसभर हसत होतो. म्हणजे तू तिला सांगितलंस ना. तू कधीकाळी काय करायचीस ते सांगितलंस.

मग चित्र उलटून मागे तुझ्या पेन्सिलीच्या तीन ओळी वाचल्या.

"म्हणजे बाबा खोटं बोलले. नऊ वर्षं मी स्वतःवर संशय घेतला. बरं झालं मी आले नाही."

त्या तीन ओळी मी पाच दिवस रोज वाचल्या. आज हे पत्र लिहायला सकाळी बसले ते आता दुपार झाली. आता जे लिहिते ते मधेच सोडू नकोस.

तुझे बाबा खोटं बोलले नाहीत. आयुष्यात एकदाही नाही, बोलता येत नव्हतं त्यांना. साचा त्यांनी खुणेप्रमाणेच ठेवला. खूण मी चुकवली.

त्या रविवारी कानशीचं काम झालं आणि ते अंघोळीला गेले. साचा अंगणात पडलेला, उशीएवढा, तेलाने आणि काजळीने माखलेला. मला वाटलं, एवढा नवऱ्याने घासलाय तर मी पुसून देते. नुसता पुसला नाही. राख आणि काथ्या घेऊन बसले, तव्यासारखा दोन्ही बाजूंनी लखलखीत केला. मला घासायला बसले की थांबता येत नाही, तुला माहीत आहे, तुझी पितळी कंपासपेटी मी नक्षी जाईपर्यंत घासली होती. घासून झाल्यावर लक्षात आलं की त्याच्यावर एक लाल टिपका होता तो गेला. मी घाबरले. ते ओरडतील म्हणून नाही, ओरडायचे कुठे. कामाच्या वस्तूला हात लावला म्हणून त्यांचं तोंड एवढंसं होईल, तेवढ्यासाठी. तर तुझ्या टेबलावर नेलपॉलिशची बाटली होती, लाल. त्यातला एक टिपका दिला. कुठल्या बाजूला होता ते आठवेना. दोन्ही बाजू सारख्याच. मी म्हटलं, जास्त चकचकीत बाजू वर असणार, ताटाची असते तशी. आणि दिला.

मला काय ठाऊक की तो टिपका म्हणजे "ही बाजू वर". मला वाटलं, वर्कशॉपचा शिक्का असेल.

सोमवारपासून त्यांनी टिपका वर ठेवून अकरा सांगाडे केले. तीस वर्षं खुणेवर विसंबून काम केलेला माणूस, तो खूण सोडून भोकांकडे कशाला बघेल?

पहिला खण बसवायचा तो दिवस मी बघितलेला आहे. घरच्या मंडळींना मुद्दाम बोलावलं होतं. साहेब लोक खुर्च्या मांडून बसलेले, क्रेनने खण वरून उतरवला, आणि तू खाली पाना घेऊन उभी, पहिला बोल्ट मी घालणार म्हणून हट्ट धरलेला. खण टेकला आणि भोकाला भोक लागेना. तू वर बघितलंस, क्रेनवाल्याला म्हणालीस, जरा डावीकडे. मग जरा उजवीकडे. मग तू पाना खाली ठेवलास. मी मागच्या रांगेत टाळ्या वाजवायला हात वर धरून बसले होते.

त्या दिवशी बाबा जेवायच्या सुट्टीत घरी आले ते साचा घेऊन. लपवून, डब्याच्या पिशवीत मावत नव्हता तर कोटाखाली. खिडकीत उजेडात धरला. वर्कशॉपचा रंग मळकट असतो, आणि हा टिपका नखासारखा चमकत होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, किती स्वच्छ झालाय ते बघतात.

"तू घासलास?"

"हो," म्हटलं. "का हो, छान झालाय ना?"

ते खाली बसले. बराच वेळ त्या टिपक्यावर अंगठा फिरवत राहिले. मग मला सगळं समजावून सांगितलं, शांतपणे, खुणेचा अर्थ काय ते. मी तुझ्याकडे पळत निघाले होते, पायात चप्पलही नव्हती. त्यांनी दार अडवलं. म्हणाले, साचा घरी आणला हे कळलं तर क्वार्टर जाईल, आणि चौकशीत तुला उभी करतील, अडाणी बाईने बिघडवलं म्हणून हसतील, मला ते बघवणार नाही. पोरगी हुशार आहे, तिला कुठेही काम मिळेल. चार दिवसांनी विसरतील. त्या रात्री साचा पिंपाखाली गेला तो वर्कशॉपमध्ये परत गेलाच नाही.

चार दिवसांनी तू फाटकात बॅग घेऊन त्यांना विचारलंस. "बाबा, साचा उलटा ठेवलात का? एवढंच सांगा." आणि ते म्हणाले, "मी खुणेप्रमाणे ठेवला." तू म्हणालीस, "म्हणजे माझं ड्रॉइंग चुकलं." त्यावर ते गप्प राहिले. मी दाराच्या आत होते, कणकेचे हात घेऊन. माझ्या तोंडाशी आलं होतं. तू बसपर्यंत सावकाश चालत गेलीस, मी मोजलं, तीनदा थांबलीस. तीनदा हाक मारता आली असती.

नंतर त्यांनीही तो विषय काढला नाही आणि मीही नाही. आजारपणात शेवटी एकदा म्हणाले, तिला लिही. मी म्हटलं, बरं वाटलं की तुम्हीच लिहा. मला वाटलं होतं, बरं वाटेल.

आणि मागच्या पत्रात मी काय केलं बघ. ते बोलू शकत नाहीत म्हणून त्यांच्यावर ढकललं. जिवंतपणी त्यांनी माझ्यासाठी सोसलं, गेल्यावर मी सोसायला लावलं, आणि तू त्यावर "बरं झालं आले नाही" लिहिलंस. ते तुझं चुकलं नाही ठके, तुला मी तेवढंच सांगितलं होतं.

त्यांच्या हत्यारांच्या पेटीत तळाला एका फडक्यात ती नेलपॉलिशची बाटली सापडली. वाळून खडा झालेली. लपवायची म्हणून ठेवली की कधीतरी दाखवायची म्हणून, मला सांगता येत नाही. फेकून दिली नाही एवढं खरं.

काल मी चष्मेवालीला परत बोलावलं. तिघंही आली, आणि वेल्डरीणबाई अर्थात आधी, ह्या वेळी वाटीसुद्धा न घेता. मी तिला म्हटलं, बस, तूही ऐक, नाहीतर भिंतीला कान लावशील. साचा टेबलावर ठेवला, बाटली शेजारी ठेवली, आणि सगळं सांगितलं. राखेपासून. सांगताना एकदा हसूही आलं, ताटाची चकचकीत बाजू म्हणताना, आणि मग ते हसू कुठे गेलं कळलं नाही. साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. स्टोअरकीपर म्हणाला, इतकी वर्षं त्याच्याशेजारी डबा खाल्ला, एका शब्दाने बोलला नाही. वेल्डरीणबाई उठली, माझे कप विसळून पालथे घातले आणि घरी गेली. ती गप्प राहिलेली मी पहिल्यांदाच बघितली.

चष्मेवालीने बाटलीचं झाकण उघडायचा प्रयत्न केला, उघडलं नाही. मग वहीतलं ते जुनं पान फाडलं, तुझ्या बाबांचं, आणि मला दिलं. म्हणाली, काकू, नवीन तुमच्या शब्दांत लिहिते, तुम्ही सही करा. मी म्हटलं, सही येते मला, तेवढी येते. तुझ्या नावाचा कागदही ती काढणार आहे, ड्रॉइंग बरोबर होतं असा, शिक्क्यासकट.

आज मंगळवार, पण पुलावर गेले नाही. पाय होते तिथेच राहिले.

आणखी एक. डावखुरं इंजिन तोडायला जायच्या आधी शेवटची एक फेरी करणार आहे, रिकामंच, नुसतं शेडपर्यंत. साहेब म्हणाले, वहिनी, ड्रायव्हरच्या खोलीत तुम्हाला बसवून नेतो. मी म्हटलं, मला नको, मी खालूनच बघेन. चष्मेवाली म्हणाली, मग ताईंना आणि त्यांच्या मुलीला विचारा. मी म्हटलं, विचारते, येतील असं म्हणत नाही. तिने तरी तीन जागा लिहून ठेवल्या.

बाबांची टोपी मी झटकून खुंटीला लावली आहे.

येत्या शुक्रवारी सकाळी अकराला ती तिघं सहीचा कागद घेऊन आणि तुमच्या जागांचं विचारायला परत येतो म्हणाली आहेत.

आई